लातूरची दोन वर्षं: बोर्ड, सीईटी आणि नीट, तिन्ही एकदम

माझ्या मामेबहिणीने, चिऊने, यंदा अकरावी सायन्सला लातूरमध्ये ॲडमिशन घेतलंय आणि दर दोन-चार दिवसांनी तिचा फोन येतो की ताई, हे सगळं होणार कसं. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून काही होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढतेय, तिच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी २०२३ ते २०२५ ची बॅच, बायो ग्रुप, बोर्ड, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि नीट (देशभरची मेडिकलची प्रवेश परीक्षा) तिन्ही दिल्या आणि आता बीएएमएसच्या फर्स्ट इयरला आहे. एमबीबीएसचा कटऑफ माझ्यापासून बराच वर होता. पण ती दोन वर्षं मी धड अवस्थेत पार केली, जेवत होते, झोपत होते, घरच्यांशी नीट बोलत होते, आणि माझ्या मते ती साधी गोष्ट नाही, कारण माझ्याहून हुशार मुली अर्ध्यात घरी परत गेलेल्या मी बघितल्यात.

लातूरला क्लाससाठी कशी पोरं येतात तर अहमदपूर, उदगीर, निलंगा, पार नांदेड-परभणीकडून, दहावीला ९५-९७ टक्के घेतलेली, गावात सत्कार झालेला, चौकात फ्लेक्स लागलेला. मग पहिली नीट पॅटर्नची टेस्ट होते आणि ७२० पैकी १६०-१८० येतात. फिजिक्समध्ये कुणाकुणाला चक्क मायनस. ह्याचं कारण तुम्ही अचानक ढ झालात हे नसतं, कारण एवढंच असतं की दहावीपर्यंत आपल्याला शिकवलेलं असतं की प्रश्न कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहून या, आणि इथे बरोबरला चार मिळतात पण चुकलं की एक जातो, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचे सगळे गोल रंगवून आलं की मेहनतीने कमावलेलं पण धुवून निघतं. सोडायला शिकणं हा इथला पहिला धडा आहे आणि तो कुठल्याच मॉड्यूलमध्ये छापलेला नसतो. पहिले दोन-तीन महिने मार्कांवरून स्वतःबद्दल काहीही ठरवू नका. मराठी मीडियममधून आलेल्यांनी तर दिवाळीपर्यंत अजिबात नको, त्यांचा निम्मा वेळ वाक्य समजण्यातच जात असतो, आणि माझ्या खोलीतली जी मुलगी सप्टेंबरपर्यंत वहीच्या मार्जिनमध्ये मराठीत अर्थ लिहीत बसायची तीच बारावीत आम्हाला जेनेटिक्स समजावून सांगायची.

आता मुख्य मुद्दा, आणि हा नीट वाचा कारण माझ्या सगळ्या सांगण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. लोड वाटतो कशाने, तर तीन परीक्षा म्हणजे तीन अभ्यास असं डोक्यात बसलेलं असतं. टेबलावर बोर्डाची म्हणजे बालभारतीची पुस्तकं, नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तकं, वरून क्लासचे मॉड्यूल, रोजची डीपीपी म्हणजे सरावप्रश्नांची शीट, आणि कॉलेजचं वेगळंच चालू. ढीग बघूनच छातीत धडधडतं. पण दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवून बघा. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये जे आहे, रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, वेव्हजचं सुपरपोझिशन, हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे. केमिस्ट्रीत आयोनिक इक्विलिब्रियम आणि थर्मोडायनॅमिक्सचं तेच. बायोमध्ये रेस्पिरेशन-सर्क्युलेशन आणि कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन आपल्याकडे बारावीला, तिकडे अकरावीला. म्हणजे काय, तर क्लासमध्ये अकरावीला जे नीटसाठी म्हणून शिकवतात त्यातला बराच भाग तुमचा बारावी बोर्डाचाच अभ्यास असतो आणि ते तुम्हाला कुणी सांगत नाही. जो अकरावी नंतर बघू म्हणून सोडतो त्याच्यावर बारावीत तेच चॅप्टर बोर्डाचे, सीईटीचे आणि नीटचे म्हणून तीन बाजूंनी येऊन आदळतात.

मी काय केलं होतं, एक मोठा कार्डशीट आणला गंजगोलाईतून, उभ्या रांगेत सगळे चॅप्टर लिहिले, पुस्तकाप्रमाणे नाही तर विषयाप्रमाणे, म्हणजे ऑसिलेशन्स एकदाच, आणि त्याच्यापुढे तीन चौकोन, बोर्ड, सीईटी, नीट. एखादा चॅप्टर शिकायचा एकदाच. मग त्याच्यावरची नीटची एमसीक्यू सोडवली की तो चौकोन भरायचा, बोर्डाची डेरिव्हेशन्स आणि तीन मार्कांची उत्तरं हाताने लिहून झाली की तो भरायचा. काही चौकोनांवर सरळ काट मारता येते. सॉलिड स्टेट आणि पॉलिमर नीटच्या सिलॅबसमधून २०२४ च्या परीक्षेपासून गेले, मिनरल न्यूट्रिशन पण गेलं, पण बोर्डाला आणि सीईटीला ते आहेत, तेव्हा ते नीटच्या खोलीने करत बसायची गरज नाही, बालभारतीचं पुस्तक वाचा, मागचा स्वाध्याय करा, झालं. सीईटीला २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे तिथे उलटी सवय लावायची, एकही प्रश्न सोडायचा नाही. पीसीबीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि बायोचे १०० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, तिथे खोलीपेक्षा हात भरभर चालायला लागतो.

तो कार्डशीट भिंतीवर लागल्यावर मला पहिल्यांदा ह्या सगळ्याचा आकार दिसला. एखाद्या गोष्टीचा शेवट कुठे आहे हे दिसलं ना की माणूस निम्मा शांत होतो. क्लासचं शेड्यूल क्लासच्या सोयीचं असतं, ते सगळ्यांसाठी एकच असतं, त्यात तुमचं काय राहिलंय हे नसतं. ते तुम्हालाच माहीत असायला पाहिजे.

रविवारची टेस्ट आणि रँक लिस्ट. ह्याच्यावर मला मनापासून बोलायचंय. दुपारी टेस्ट व्हायची, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत लिस्ट ग्रुपवर पडायची, आणि तो ग्रुप पालकांचा. म्हणजे आपल्याला कळायच्या आधी घरी कळलेलं असायचं. हॉस्टेलच्या व्हरांड्यात त्या वेळेला प्रत्येक जण फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी असायची, हळू आवाजात, "नाही पप्पा, ह्या वेळेस इनऑर्गॅनिक जास्त होतं". कुणी रडत नसायचं मोठ्याने. मेसचं ताट तसंच झाकून राहायचं. लिस्टप्रमाणे बॅच बदलायची, वरच्या बॅचला वेगळे सर, खालच्या बॅचला वेगळे, आणि सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्या-आठवड्याला वर-खाली करणं हे चूक आहे असं मी आजही म्हणेन. ज्याला शिकवण्याची जास्त गरज आहे त्याला चांगला शिक्षक मिळायला पाहिजे, एवढा साधा न्याय आहे हा.

पण पद्धत आपण बदलू शकत नाही तेव्हा तिच्यात राहून काय करायचं. माझ्या रूममेटने एक गोष्ट सुरू केली आणि मग आम्ही चौघींनी ती धरली. टेस्ट झाली की लिस्ट यायच्या आधी, पेपर समोर ठेवून, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचं. येतच नव्हतं तर "न", येत होतं पण गडबडीत चुकलं तर "ग", अंदाजाने मारलं तर "अ". बस. रविवारी रात्री रँक काहीही येऊ दे, सोमवारी सकाळी काय करायचं ते त्या तीन अक्षरांवरून ठरलेलं असायचं. "ग" जास्त असले तर नवीन काही वाचायचं नाही, वेळ लावून जुनेच पेपर सोडवायचे. "अ" जास्त असले तर पुढच्या टेस्टला कमी प्रश्न अटेम्प्ट करायचे, आणि विश्वास ठेवा, कमी अटेम्प्ट करून मार्क वाढतात. रँक हा आकडा बाकीच्यांवर पण अवलंबून असतो, ही अक्षरं फक्त तुमच्यावर.

घरच्यांशी मी अकरावीच्या सुरुवातीलाच बोलून घेतलं होतं. आईला म्हणाले, रविवारी रात्री फोन करू नको, सोमवारी संध्याकाळी मी करते. तिला आधी वाईट वाटलं. पण मग सोमवारचा फोन चांगला व्हायला लागला, ती विचारायची, "काय करलालीस गं? जेवलीस का?" आणि शेतातलं, म्हशीचं, शेजारच्या काकूंच्या भांडणाचं सांगायची, मार्कांचं शेवटी कधीतरी. तुमचे आईवडील वाईट नसतात हो, त्यांना दुसरं काय विचारावं ते सुचत नाही, कारण फी भरून ते पण घाबरलेले असतात. त्यांना प्रश्न बदलून द्यायचं काम आपणच करावं लागतं.

बोर्डाबद्दल. नीटवाल्यांमध्ये एक हवा असते की बोर्ड काय होऊनच जातं, पीसीबीला ५० टक्के लागतात ओपनला, तेवढे पडतातच. पडतात, खरंय. पण दोन वर्षं फक्त गोल रंगवल्यावर हाताने तीन तास लिहायची ताकद राहत नाही, हे कुणी सांगत नाही. फिजिक्सचा पेपर ७० मार्कांचा, त्यात दहा एमसीक्यू सोडले तर बाकी सगळं लिहायचंच, दोन मार्काचे, तीन मार्काचे, चार मार्काचे, डेरिव्हेशन, आकृत्या. पूर्वपरीक्षेला आमच्यातल्या कितीतरी जणींचा पेपर येत असूनही अर्धवट राहिला, मनगट दुखून. म्हणून डिसेंबरपासून आठवड्यातून एक बोर्डाचा पेपर पूर्ण वेळ लावून हाताने लिहा, मान मोडून लिहा, अक्षर कसंही येऊ दे. सवय ही एका आठवड्यात येणारी गोष्ट नाही.

आणि प्रॅक्टिकल! ३० मार्क प्रत्येक विषयाला, हातात असलेले मार्क. इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असल्यामुळे काही मुलींनी बुरेट पहिल्यांदा हातात धरली ती थेट जानेवारीत. मी सुदैवाने अशा कॉलेजला होते जिथल्या केमिस्ट्रीच्या मॅडम हजेरीला कडक होत्या, सगळे त्यांच्यावर चिडायचे, पण परीक्षेत पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आलं तेव्हा त्यांचा प्रत्येक शब्द कामाला आला. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट नाही तर चांगलं गरम करून घ्यायचं, ६०-७० डिग्रीपर्यंत, नाहीतर सुरुवातीला रंग जातच नाही आणि मुली घाबरून जास्त ओतत बसतात. बुरेटमधलं द्रावण इतकं गडद जांभळं असतं की खालचा मेनिस्कस, म्हणजे पातळीची खालची वक्र कड, दिसतच नाही, म्हणून ह्या एका ठिकाणी रीडिंग वरच्या कडेवरून घ्यायचं. आणि शेवटी एक-एक थेंब, फ्लास्क हलवत, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. माझ्या शेजारची घाईत पुढे गेली, फ्लास्कमध्ये गडद रंग झाला आणि तिला परत पहिल्यापासून पिपेट करावं लागलं. मला तो फिकट गुलाबी रंग इतका सुंदर वाटला होता, खरं सांगते. दोन वर्षांत केमिस्ट्री डोळ्यांनी दिसली ती तेवढ्याच वेळा, लॅबमध्ये. तेव्हा प्रॅक्टिकलला दांडी मारू नका, मार्कांसाठी पण आणि ह्याच्यासाठी पण.

शरीराचं. हे वाचून सोडून द्याल म्हणून आधीच सांगते, सोडू नका. मेसचं जेवण पातळ वरण, बटाटा, भात, परत बटाटा. मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं कॉमन आहे की आमच्या मजल्यावर चक्कर येणं म्हणजे रोजचं झालं होतं, आणि आम्ही ते अभ्यासाचं टेन्शन समजत होतो. सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, खोलीत शेंगदाणे-गूळ, फुटाणे, खजूर ठेवा. पाळीच्या दिवसात टेस्ट आली आणि पोट दुखत असेल तर तसं सरांना सांगायला लाजू नका, मॅडम असतील तर त्यांना सांगा. आणि झोप सात तास. रात्री दोन-अडीचपर्यंत अभ्यासिकेत बसून सकाळी सातच्या लेक्चरला डुलक्या देणाऱ्यांचा मला हिशोब कधी कळला नाही, रात्री वाचलेलं एक तास आणि सकाळी घालवलेले तीन. अभ्यासिकेत उशिरापर्यंत दिवा चालू असतो म्हणून कुणी पुढे गेलंय असं होत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्या हॉस्टेलला एक मुलगी होती, रिपीटर बॅचची, म्हणजे बारावीनंतर परत नीट देणारी. २०२४ च्या जूनमध्ये नीटच्या निकालाचा तो सगळा गोंधळ झाला, ६७ जणांना पैकीच्या पैकी, ग्रेस मार्क, मग १५६३ जणांची फेरपरीक्षा, कोर्टात केस, २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने पूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला तोपर्यंत ही मुलं नुसती लटकलेली. तिला चांगले मार्क होते, आदल्या वर्षी त्यावर सीट लागली असती, पण त्या वर्षी कटऑफ एकदम वर गेला. त्यानंतर ती हळूहळू बोलायची बंद झाली. आधी मेसला यायची बंद झाली, मग आंघोळीला टाळाटाळ, मग एकदा सहज म्हणाली की मी नसले तर घरच्यांचे पैसे तरी वाचतील. तिच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने हे वाक्य ऐकलं आणि ती लगेच वॉर्डन काकूंकडे गेली, रात्रीच तिच्या भावाला फोन झाला, तो पहाटेच्या एसटीने आला. ती आता बरी आहे, गावाजवळ बीएस्सी करतेय. पण मी त्या दुसऱ्या मुलीचा विचार करते जी उठून काकूंकडे गेली. कुणी असं काही बोललं, हसत बोललं तरी, तर मनात ठेवू नका, मैत्रीण रागावेल ह्याचा विचार करू नका, जाऊन मोठ्या माणसाला सांगा. आणि टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६, सरकारचा, फुकट, रात्री-बेरात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर आमच्या मजल्यावर आरशाच्या बाजूला पेनाने लिहिलेला होता. तुम्ही पण लिहून ठेवा.

शेवटचे तीन-चार महिने फार सांगण्यासारखे नाहीत, ते वेगात जातात. जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड, बाहेर सिद्धेश्वरच्या यात्रेचे पाळणे फिरतायत आणि आपण खोलीत, एप्रिलमध्ये सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी नीट. आमच्या वर्षी तर जानेवारीत बातमी आली की पॅटर्न बदलला, ऑप्शनल प्रश्न बंद, २०० ऐवजी १८० प्रश्न, सगळे कंपल्सरी, आणि वेळ २०० मिनिटांवरून १८० वर. दोन दिवस सगळीकडे रडारड. पण मग लक्षात आलं की हा बदल सगळ्यांनाच आहे आणि अभ्यासातलं एक पानही त्याने बदललेलं नाही, फक्त मॉक नवीन वेळेत द्यायचे. मी बायोचे ९० प्रश्न आधी, ४५ मिनिटांत, ३६० मार्क तिथेच असतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, हा क्रम ठेवला आणि शेवटपर्यंत मोडला नाही. परीक्षेत फिजिक्स भयंकर अवघड आला, हॉलमध्ये पुढच्या बाकावरचा मुलगा पेन खाली ठेवून बसला होता. बायो आणि केमिस्ट्री आधी झालेलं असल्यामुळे मला पॅनिक व्हायला जागाच राहिली नव्हती, येत होते तेवढे फिजिक्सचे प्रश्न केले आणि बाकी सरळ सोडले. त्या दिवशी सोडता आलं ते पहिल्या वर्षापासून सोडायची सवय केली म्हणून.

सेंटरवर दीडला गेट बंद होतं, दुपारी दोन ते पाच पेपर, पेन आतच देतात, फुल बाह्यांचे कपडे आणि बूट चालत नाहीत, साधी चप्पल घाला. मेमधलं ऊन आहे, आदल्या दिवशी जाऊन सेंटर बघून या.

आणि एक काम जे कुणी अकरावीत करत नाही आणि मग जून-जुलैमध्ये सगळं घर तहसील कचेरीच्या रांगेत उभं असतं, कागदपत्रं. डोमिसाईल, नॅशनॅलिटी, ओबीसी वगैरे असाल तर नॉन-क्रिमीलेयर, आणि सगळ्यात वेळ खाणारी जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज कॉलेजच्या पत्रावर होतो आणि निकाल यायला महिनेच्या महिने जाऊ शकतात, एखाद्या पणजोबाचा जुना दाखला शोधायला गावच्या शाळेत दोन-दोन फेऱ्या होतात. अकरावीची परीक्षा संपली की त्या मोकळ्या उन्हाळ्यात वडिलांना किंवा काकांना बरोबर घेऊन ही फाईल तयार करा, आधार, दहावीचं मार्कमेमो आणि सगळ्यांवर नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे का ते बघून घ्या. चिऊ, तुझ्या टीसीवर आडनावात एक अक्षर वेगळं आहे हे मी मागेच बघितलंय, दिवाळीला गावी आलीस की आपण पहिलं ते दुरुस्त करायला टाकू.